बाटलीकाकांची गाठ

१

"मेल्या या गाठी! माणूस घरी जाऊन बसला सहा महिने, आणि गाठी ठेवून गेला माझ्या नखांना."

बाटल्या धुणारी मावशी हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. बोललीच असेल तर हातातल्या बोथट कात्रीला. पण तिच्यापासून हातभर अंतरावर, मागच्या अंगणातल्या एकुलत्या एक खुर्चीवर चौकशीबाई बसल्या होत्या. पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या साहेबांची केबिन आवरणं चालू होतं, म्हणून त्यांना इथं आणून बसवलं होतं. चौकशी अधिकारी दारात आल्यावर केबिन आवरायला घ्यायची, ही नोकरीतली जुनी तऱ्हा. बाईंनी तेहतीस वर्षांत अशा पुष्कळ खुर्च्या उबवल्या होत्या.

"कुणाच्या गाठी, मावशी?"

"बाटलीकाकाच्या, आणखी कुणाच्या? सात गावांत अशी गाठ कुणी मारत नसेल." मावशीनं एक दोरा कचकन कापला, बाटलीच्या गळ्याची कागदी टोपी ओरबाडली, बूच काढून पाणी गटारात ओतलं आणि बाटली टबात बुडवली. "माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बदलीवर आलेल्या बयेनं सोप्या सोप्या धुतल्या आणि या दोन क्रेट कोपऱ्यात सरकवून ठेवल्या. मी परत येईन आणि धुईन म्हणून. आले की मी!"

बाईंना हसू आलं. बाटलीकाका म्हणजे ज्याच्या चौकशीसाठी त्या आल्या होत्या तोच माणूस. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला हे नाव पडलं होतं, कारण तीस वर्षं तो सायकलच्या मागे क्रेट बांधून गावभरच्या नळांवरून पाण्याचे नमुने भरून आणत होता. निवृत्त व्हायला आठ दिवस असताना उंच टाकीखालच्या वस्तीत सत्तावन्न माणसं आजारी पडली. एक आजी गेल्या. टाकीजवळच्या खोदकामात नळ फुटून त्यात गटाराचं पाणी शिरलं होतं. आणि नेमक्या त्या दिवशीच्या, उंच टाकीच्या नमुन्यापुढे रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं: पिण्यास योग्य.

फाईलमधला तर्क साधा होता. पाणी घाण होतं, निकाल स्वच्छ आला, म्हणजे नमुना खोटा. काकानं टाकीवर न जाता कुठल्यातरी जवळच्या नळावर बाटली भरली. गंभीर गैरवर्तन. पेन्शन तेव्हापासून रोखलेली, आणि आता ती कायमची रोखावी, असा आदेश टाईप होऊन तयार होता. खाली फक्त बाईंच्या सहीची जागा कोरी होती. अहवाल शनिवारी दुपारपर्यंत पोचायला हवा होता. आज गुरुवार.

"सही करून परत या," वरच्या साहेबांनी सांगितलं होतं. "तुमचेही तीनच महिने राहिलेत. शेवटी शेवटी कशाला खोलात जाता?"

बाईंना खोलात जायची तशी हौस नव्हती. पण न वाचता सही करायची त्याहून हौस नव्हती.

"साहेब बोलावताहेत," आतून आवाज आला. मावशीची कात्री कचकच चालूच होती.

२

साहेब पन्नाशी उलटलेले, नीटनेटके, आणि घामाघूम. केबिनमध्ये पंखा जोरात फिरत होता तरी.

"आमचा माणूस वाईट नव्हता हो," ते म्हणाले. "पण वय झालं की कंटाळा येतो. टाकीचा चढ आहे. सायकल. कोण बघतंय, असं वाटलं असेल."

"नमुना खोटाच, हे कशावरून?"

"निकालावरून! शिवाय टाकीच्या गेटवरच्या वहीत त्या दिवशी त्याची सही नाही."

"निकाल कुणी काढला?"

साहेबांनी बेल वाजवली. तपासनीस ताई आली. अठ्ठावीस-एकोणतीसची, पांढरा कोट, आणि पाठ केल्यासारखं बोलणं. पाणी औषधात घालायचं, दोन दिवस इनक्युबेटरमध्ये उबेला ठेवायचं. रंग बदलला तर पाणी घाण, नाही बदलला तर चांगलं. त्या दिवशीच्या अकराही बाटल्यांचा रंग बदलला नव्हता.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"रजिस्टरमध्ये आहे तसंच आहे, मॅडम."

विचारलं ते सोडून ही दुसऱ्याच गोष्टीला हो म्हणतेय, हे बाईंच्या कानानं टिपलं.

त्यांनी माडीवरची तपासणीची खोली पाहिली. भिंतीला एक छोटी खिडकी होती. नमुने आणणाऱ्यानं बाहेरच्या व्हरांड्यातून तिच्यातून बाटल्या द्यायच्या, आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. काका तीस वर्षांत एकदाही आत आला नव्हता. टेबलाशी एका खिळ्यावर कात्री लटकत होती. तिच्या पात्यांमध्ये कोळ्यानं संसार थाटला होता. कोपऱ्यात इनक्युबेटर, उंच लोखंडी कपाटासारखा. त्याच्यामागच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर.

"हे बंद आहे?"

"आता बंद आहे," साहेब घाईनं म्हणाले. "त्या प्रकारानंतर बिघडलं. आता नमुने बाहेरगावी जातात. तेव्हा उत्तम चालत होतं."

ताई खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक भिंत होती.

"आणि त्या दिवशीच्या बाटल्या?"

"त्या लोक आजारी पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या पथकानं कपाटात सीलबंद केल्या. पण त्यांत काय बघायचंय? सहा महिन्यांनी त्या पाण्यातलं काही कळत नाही. सगळं कागदावर आहेच की."

सगळं कागदावर होतं, हे खरंच. तेच बाईंना खुपत होतं.

३

काकांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, आणि लोकांच्या शर्टांची चळत. काकू इस्त्री फिरवता फिरवताच बोलल्या.

"बसा. चहा ठेवते, घेणार असाल तर. विचारलेलं बरं. हल्ली आमच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. कपडे देतात, पैसे देतात, पण पाण्याचा पेला पुढे केला की 'आत्ताच प्यायलो' म्हणतात. सगळ्या गल्लीला एकदमच तहान लागेनाशी झाली."

"चहा नक्की घेईन," बाई म्हणाल्या. "आणि आधी पाणी."

काकूंची इस्त्री क्षणभर थांबली. मग त्यांनी पेला घासूनपुसून भरला. बाईंनी तो रिकामा करून खाली ठेवला.

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, बोलावल्यावर उठायच्या तयारीत. बारीक, उंच माणूस.

"टाकीवर गेला होतात?"

"गेलो होतो. गेटला कुलूप होतं. रखवालदार जागेवर नव्हता, मग वहीत सही कुठं करणार? टाकीखाली पहिला नळ आहे, तिथं भरली. तेव्हाच लिहून दिलं होतं मी."

"मग निकाल चांगला कसा आला?"

"मी पाणी भरलं, गाठ मारली, खिडकीत दिलं. पुढचं मला माहीत नाही."

"अंदाज असेल."

"अंदाजावर माणसाचं वाईट करू नये, बाई."

"कुणाचं वाईट?"

काका उठून शर्टांची चळत सारखी करू लागले. काकूंनी मात्र इस्त्री आदळली.

"विचारा, विचारा! मीही सहा महिने तेच विचारतेय. पाण्याच्या पंपावरचा याचा मित्र कामावर असताना गेला. त्याची पोर बारावीत. तिच्या नोकरीसाठी यानं दोन वर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवले. आज ती पांढरा कोट घालून तिथं बसते, आणि हा इथं गैरवर्तनी म्हणून बसलाय. ती एकदासुद्धा फिरकली नाही!"

"तिला यात ओढू नकोस."

"मी कशाला ओढू? तूच तिला पाठीशी घालतोयस!"

कोंडी फोडायला बाईंनी विषय बदलला. "काका, मावशी तुमच्या गाठींच्या नावानं बोटं मोडत होती."

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं. "सुरुवातीच्या काळात सायकल खड्ड्यात आदळली आणि बाटलीचं बूच उडालं. सगळा नमुना वाया. तेव्हापासून अशी गाठ बसवली की सायकलवरून मी उडेन, पण बूच उडणार नाही."

"घरातसुद्धा तीच!" काकू म्हणाल्या. "साखरेची पिशवी असो की जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दातांनी सुटत नाही, सुईनं सुटत नाही. कापल्याशिवाय इलाज नाही. लग्न झाल्यापासून मी कात्री कमरेला लावून फिरतेय, बघा." आणि पदराखालून त्यांनी खरंच कात्री काढून दाखवली.

बाई हसल्या. चहा प्यायल्या. गल्लीच्या टोकापर्यंत आल्या आणि थबकल्या.

कापल्याशिवाय इलाज नाही.

मग मावशीकडे बाटल्या गाठीसकट कशा, आणि वरच्या कात्रीत कोळी कसा?

४

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडायच्या आत चौकशीबाई मागच्या अंगणात उभ्या होत्या. मावशी आली ती किल्ल्या वाजवत.

"मावशी, त्या दोन क्रेट?"

"झाल्या धुऊन! कालच सगळ्या निपटल्या. बघा कशा चकचकीत." तिनं अभिमानानं बोट दाखवलं. फळीवर बाटल्या उलट्या ओळीनं मांडलेल्या, सकाळच्या उन्हात लखलखत होत्या.

बाईंनी डोक्याला हात लावला. पुरावा काल त्यांच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, गटारात ओतला गेला होता. आणि त्या स्वतः खुर्चीवर बसून हसत होत्या.

"मावशी, नीट आठवून सांगा. बाटल्या तुमच्याकडे धुवायला येतात तेव्हा कशा असतात?"

"कशा म्हणजे? पूर्वी रिकाम्या यायच्या, उघड्या. वरच दोरे कापायचे, पाणी काढून घ्यायचे. मी नुसतं विसळायचं. नंतर..." मावशी अडखळली. तिनं वरच्या खिडकीकडे पाहिलं. "नंतर गाठीसकट यायला लागल्या. भरलेल्या. मी म्हटलं, आपल्याला काय. गाठी कापायचं काम माझ्या गळ्यात मारलं, एवढंच."

"नंतर म्हणजे कधीपासून?"

"ते लोक आजारी पडले, त्याच्या आधी आठएक महिने." आवाज खाली गेला. "बाई, मी अंगठेबहाद्दर. मला कुठं काय कळतंय?"

तिला सगळं कळत होतं. या इमारतीत सगळ्यांनाच कळत होतं, आणि प्रत्येकानं आपल्यापुरता एक विषय शोधून ठेवला होता: नखं, चार्जर, समोरची भिंत.

पण मावशीची साक्ष म्हणजे नुसते शब्द. दोन प्रश्नांत साहेब ती उडवून लावतील. गाठ हवी होती, खरी, न कापलेली. आणि तशी गाठ आता एकाच ठिकाणी उरली असण्याचा संभव होता.

५

"सील तोडायला वरून लेखी परवानगी लागेल," साहेब म्हणाले.

"वरून म्हणजे माझ्याकडूनच," बाई म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या उभ्या कागदावर चार ओळी लिहून सही ठोकली. "ही घ्या परवानगी."

कपाट उघडलं. कोंदट वास आला. आत अकरा बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात कागदी टोपी, टोपीवर दोरा. दोऱ्याला दोन लहान फासे, एकमेकांत अडकून घट्ट बसलेले. अकराच्या अकरा गाठी जशाच्या तशा. गळ्यापर्यंत पाणी.

बाईंनी उंच टाकीच्या चिठ्ठीची बाटली दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी धरली. तळाशी बोटभर जाडीचा तांबूस गाळ बसला होता. उचलल्यावर तो हलला आणि पाण्यात धुरासारखा वर चढला. बाकीच्या दहा बाटल्यांच्या तळाशी काहीच नव्हतं.

"तुमच्या कुठल्या नळाला असं तांबडं पाणी येतं, साहेब?" बाईंनी विचारलं. "खोदकाम टाकीखाली झालं होतं. काका टाकीखालीच गेले होते. आणि त्यांनी आणलेली बाटली..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग तिच्या कोटाला जाऊन मिळाला होता.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडून एक पातळ फाईल काढली.

"मला राक्षस समजू नका. तीन पत्रं पाठवली मी. इनक्युबेटर जळालाय, नवा द्या. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. वाचा."

उत्तर एका ओळीचं होतं. 'जुने यंत्र दुरुस्त करून वापरावे. मासिक चाचण्यांची संख्या कमी होऊ देऊ नये.' तारीख आजाराच्या सात महिने आधीची.

"दुरुस्त होत नव्हतं," साहेब म्हणाले. "आणि संख्या कमी होऊ द्यायची नव्हती."

बाईंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्या ओळीखालच्या सहीकडे होतं. शेवटची शेपटी डावीकडे वळवलेली, घाईघाईतली सही. खरेदी विभागात होत्या तेव्हा दिवसाला साठ-सत्तर कागदांवर त्या अशी सही करायच्या.

सही त्यांची स्वतःची होती.

६

दुपारी तीन वाजता साहेबांच्या केबिनमध्ये पाच खुर्च्या मांडल्या. काका आले, इस्त्रीचा शर्ट घालून. काकू बोलावलं नव्हतं तरी आल्या. ताई कोपऱ्यात. मावशीला बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली.

मधल्या दोन तासांत बाई अंगणातल्या त्याच खुर्चीवर एकट्या बसल्या होत्या. मांडीवर दोन कागद होते, टाईप केलेला आदेश आणि ते एका ओळीचं उत्तर. पहिल्यावर सही केली की दुसरा पुन्हा ड्रॉवरमध्ये जाणार होता. साहेब तो कुणाला दाखवणार नव्हते, तेवढा समजूतदारपणा त्यांच्या नजरेत होता. तीन महिने. मग आपलीही पेन्शन, आपलीही दोन खोल्यांची शांतता. दोन तासांत बाईंनी हा हिशेब चार वेळा केला, आणि चारही वेळा त्यांना काकूंनी घासूनपुसून भरलेला तो पेला आठवला.

त्यांनी टेबलावर सीलबंद कपाटातली बाटली ठेवली. शेजारी एक रिकामी बाटली, कागद, आणि दोऱ्याचं रीळ.

"काका, गाठ मारा."

काकांनी मारली. दोऱ्याकडे त्यांना पाहावंही लागलं नाही. दोन फासे, एक झटका. दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या, तर जुळ्या बहिणी.

"साहेब, सोडवा."

साहेबांनी प्रयत्न केला. नख लावलं, पेनची निब लावली. गाठ ढिम्म हलली नाही.

"म्हणजे ही गाठ कापल्याशिवाय सुटत नाही," बाई म्हणाल्या, "आणि काकांशिवाय ती कुणाला मारता येत नाही. बाटली खिडकीतून आत गेली, त्यानंतर काका आत आले नाहीत. लोक आजारी पडल्यावर कपाटाला सील लागलं. तरी गाठ शाबूत आहे. आपण सगळ्यांनी एक सोपी बेरीज केली होती. पाणी घाण, निकाल चांगला, म्हणून नमुना खोटा. पण नमुना खरा आहे, तळाशी गाळ बसलाय. मग खोटं काय उरलं?"

पंखा फिरत राहिला.

"तांत्रिक अडचणींमुळे..." साहेबांनी सुरुवात केली.

"त्याला मराठीत काय म्हणतात?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला. मावशी नखांकडे बघत होती. ताईनं मान वर केली नव्हती.

"बाई," काका एकदम म्हणाले, "माझं वय झालं. आमचं दोघांचं भागतंय इस्त्रीवर. सही करून टाका. तरण्या पोरीची नोकरी जाईल, तिची आई आजारी असते. मी बोललोय का काही? नाही ना? मग तुम्ही कशाला..."

"तू गप्प बस रे!" काकूंचा आवाज फाटला. "वस्तीतली आजी गेली, तिची नात इस्त्रीला कपडे घेऊन येते माझ्याकडे. माझ्याकडे बघत नाही. कपडे ठेवते आणि जाते. भागतंय म्हणे!"

बाईंनी पिशवीतून तो एका ओळीचा कागद काढला आणि बाटलीला टेकवून उभा केला.

"कुणालाच पहिलं बोलायचं नाही, हे मला दिसतंय. मग मीच सुरुवात करते. ही सही माझी आहे. मी पत्र न वाचता हा शेरा मारला. असे सत्तर मारायचे रोज. हा कागद अहवालाला जोडून उद्या वर जाईल. तीन महिन्यांनी माझी पेन्शन रोखली, तर मला कारण तरी ठाऊक असेल. काकांना तेवढंही मिळालं नाही."

साहेबांनी डोळे मिटले. बाईंनी टाईप केलेला आदेश मधोमध फाडला, कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"माझं झालं. आता आणखी एक वाक्य हवंय. ते मला माहीत आहे, मावशींना माहीत आहे, काकांना तर पहिल्यापासून माहीत आहे. पण मी ते आपल्या मनानं लिहिणार नाही. कुणीतरी सांगावं लागेल."

ताई उठली. कोटाच्या खिशात तिचे दोन्ही हात होते, ते तिनं बाहेर काढले. ती बाईंकडे गेली नाही, साहेबांकडे पाहिलं नाही. काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, बस खाली," काका पुटपुटले. "बस ना."

"नाही काका." तिचा आवाज फुटला तो थेट दाराबाहेर ऐकू जाईल असा. "तुम्ही रोज चांगल्या बाटल्या आणून देत होतात. मीच उघडत नव्हते. आठ महिने एकसुद्धा उघडली नाही. रोज सकाळी नुसतं 'पिण्यास योग्य' लिहीत होते. त्या दिवशीही तेच लिहिलं. आम्ही पाणी तपासतच नव्हतो."